जाळ पाहिजे, धूर नको : पन्हाळ्याच्या वाटेवरच्या घरात फायरप्लेस गॅसची की लाकडाची?

वाघबीळकर | ८ जानेवारी

नमस्कार मंडळी.

वाघबीळ ते पन्हाळा या पट्ट्यात आमचं घर बांधून चाललंय. भिंती उभ्या राहिल्या, आता छपराचा सांगाडा चढवायचा आहे. बैठकीची खोली १६ बाय २० फूट, छप्पर उतरतं, वर मंगलोरी कौलं. कोल्हापुरातलं, शुक्रवार पेठेतलं घर भावाकडं सोपवून आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि आई (वय ७४), कायमचे तिकडं राहायला जाणार आहोत. वीकेंडचं फार्महाऊस नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर सल्ले त्या वळणानं जातात.

बैठकीत फायरप्लेस करायची आहे. आर्किटेक्ट म्हणतो गॅसची घ्या, बटण दाबलं की जाळ, राख नाही, कटकट नाही. मिस्त्री म्हणतो, "भिंतीतली चूलच की ती. गुऱ्हाळाची धुराडी बांधलीत आम्ही, ह्याचं काय एवढं?" दोघंही आपापल्या जागी ठाम. धुराडं काढायचं असेल तर कौलं चढायच्या आत ठरवायला पाहिजे, म्हणून हा धागा. कुणी प्रत्यक्ष वापरली असेल तर त्यांचं मत आधी ऐकायचं आहे.

रंकाळ्याचा_वारा | ८ जानेवारी

कोल्हापुरात फायरप्लेस? एप्रिलमध्ये त्यात काय कलिंगडं गार करत ठेवणार?

थंडी वाजली तर तांबडा रस्सा प्यावा. त्याला धुराडं लागत नाही.

वाघबीळकर | ८ जानेवारी

@रंकाळ्याचा_वारा, हे येणार माहीत होतं :)

थंडीचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे तिकडं हुडहुडी भरते, पण तेवढ्यासाठी घोंगडं पुरतं. खरा त्रास पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर ढग घरात शिरतात हो. गेल्या वर्षी शेजारच्या घरात भाड्यानं राहून बघितलं. गाद्यांना कुबट वास, पापड मऊ, पुस्तकांची पानं फुगलेली. कापशीची चांगली कोल्हापुरी चप्पल आठ दिवस कोपऱ्यात राहिली तर तिच्यावर हिरवी लव आली. आईचे गुडघे त्या दमटीनं धरतात. मला खोली कोरडी पाहिजे, आणि संध्याकाळी जाळासमोर बसायला पाहिजे. दोन्ही खरं आहे. दुसरं कारण मोठं आहे असं बायको म्हणते.

मिशिगनची_माई | ८ जानेवारी

माहेर राजारामपुरी, गेली १९ वर्षं मिशिगनला. घरात आधी उघडी लाकडाची फायरप्लेस होती, मग तिच्यातच बंद शेगडी बसवली, आणि खालच्या खोलीत गॅसची आहे. म्हणजे तिन्हींचे चटके खाऊन बोलते आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. सिनेमात दिसते तशी उघडी फायरप्लेस खोली तापवत नाही. तुम्ही समोर बसलात तर तुमच्या नडग्या तापतात आणि पाठ गार राहते. जाळ खोलीतली हवा ओढून धुराड्यातून वर फेकतो, तिच्या जागी दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची हवा आत येते. लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा खोलीला मिळतो, बाकीची आकाशाला. हीच आग काचेचं दार असलेल्या बंद शेगडीत लावली आणि हवा मोजून सोडली की ७० टक्क्यांपर्यंत उष्णता खोलीत राहते. लाकूड तेच, शेगडी वेगळी.

गॅसमध्येही तीन जाती आहेत, आणि दुकानदार तिन्हींना एकच नाव देऊन विकतात. एक, उघड्या फायरप्लेसमध्ये चिनी मातीची खोटी लाकडं ठेवून खालून बर्नर. दिसायला झकास, उष्णता वर जाते. दोन, पुढं पक्की बंद काच आणि एकात एक दोन नळ्या, बाहेरच्या नळीतून बाहेरची हवा आत येते, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो. खोलीच्या हवेशी तिचा संबंधच नाही. ही चांगली. तीन, बिनधुराड्याची. जे काही जळतं ते तुमच्याच खोलीत सोडते. इथं ती बऱ्याच ठिकाणी सर्रास विकतात, पण कॅलिफोर्नियात घरात लावायला बंदी आहे. तुमचा आर्किटेक्ट यातली कुठली म्हणतोय ते आधी विचारा.

वाघबीळकर | ९ जानेवारी

विचारलं. तिसरी म्हणत होता. "धुराड्याचा खर्च वाचतो" हे त्याचं कारण.

रसायनाच्या_बाई | ९ जानेवारी

निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळं राहवत नाही.

वाघबीळकर, तुम्हाला खोली कोरडी करायची आहे ना? मग हे गणित बघा. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. प्रोपेनचा एक रेणू जळला की पाण्याचे चार रेणू होतात. वजनात सांगायचं तर ४४ ग्रॅम प्रोपेन जळून ७२ ग्रॅम पाणी. ब्यूटेन ५८ ग्रॅमला ९० ग्रॅम. म्हणजे एक किलो गॅस जाळला की दीड लिटरपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. धुराडं असेल तर ती वाफ बाहेर जाते. नसेल तर तुमच्या भिंतींवर, गाद्यांवर आणि त्या कापशीच्या चपलेवर.

बिनधुराड्याची गॅस शेगडी तुमच्या घरात संध्याकाळी दोन तांबे पाणी शिंपडणार आणि वर तुम्ही तिला दमटपणा घालवण्यासाठी पैसे मोजणार.

रंकाळ्याचा_वारा | ९ जानेवारी

बाई, दहावीत तुम्ही असता तर मी सायन्सला गेलो असतो.

वाघबीळकर | ९ जानेवारी

हे मला आजवर कुणीही सांगितलं नव्हतं. तिसरी जात बाद.

उद्यमनगरचा_तात्या | १० जानेवारी

आमची फौंड्री शिरोलीला, त्याआधी उद्यमनगरात. जाळाशी रोजचं नातं. माईंनी टक्के सांगितले, मी किलोत सांगतो.

एक किलो एलपीजीत उष्णता विजेच्या हिशोबात पावणेतेरा युनिट धरा. सहा किलोवॅटची गॅस फायरप्लेस तासाला अर्ध्या किलोच्या जरा खाली गॅस खाते. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर ३० तास. रोज तीन तास लावलीत तर दहा संध्याकाळी. आणि घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठी असतो, तो ह्या कामाला लावता येत नाही. १९ किलोचा कमर्शियल घ्यायचा, तो चाळीस तास जाईल. पावसाळ्यात चार महिने लावणार असाल तर सिलिंडर मोजा आणि मग घाटरस्त्यानं तो वर कोण आणून देणार तेही विचारा.

लाकूड नीट वाळलेलं असेल तर किलोला चार युनिट. बंद शेगडीत त्यातले पावणेतीन हाती लागतात. खोलीला चार किलोवॅट पाहिजे असतील तर तासाला दीड किलो लाकूड. रोज तीन तासाला साडेचार किलो, शंभर संध्याकाळींना साधारण अर्धा टन. तेवढीच ऊब उघड्या फायरप्लेसमधनं काढायची म्हटली तर तीन-साडेतीन टन लागेल. ट्रॅक्टरची ट्रॉली लावून ठेवा दारात.

आता मिस्त्रीसाठी. आतलं अस्तर फायरब्रिकचं पाहिजे, सांधे फायरक्लेचे. सिमेंटचा माल आत वापरू देऊ नका, पहिल्या हंगामातच फुटतो. ह्या विटा आपल्या कोल्हापुरात मुंबईपेक्षा सोप्या मिळतात, गल्लोगल्ली भट्ट्या आहेत. शोभा म्हणून नदीतले गोटे आत लावायचं डोक्यात असलं तर काढून टाका. दगडात मुरलेलं पाणी तापलं की दगड तडकतो, चिलपी डोळ्यात जाईल. जाळी बिडाची (ओतीव लोखंडाची) घ्या, पत्र्याची नको. बीड तापतं सावकाश आणि निवतंही सावकाश, शेगडी विझल्यावर तासभर ऊब देत राहतं.

कडवी_कॉफी | १० जानेवारी

सगळे हिशोब वाचले. आता माझा एक प्रश्न. लाकडं आत कोण आणणार? राख कोण काढणार? काच कोण पुसणार?

मी चुलीच्या घरात वाढले, भुदरगडात. सकाळी साडेपाचला आई फुंकणी घेऊन चुलीपुढं बसायची, पावसाळ्यात ओली लाकडं नुसती धुमसायची. भिंत काळी, आढं काळं, आईचा पदर काळा. बाबा बाहेर अंगणात शेकोटीला बसायचे आणि म्हणायचे, "जाळाची मजा काय वेगळीच." त्यांना मजा वाटायची कारण त्यांचा जाळ उघड्यावर होता. गॅस आला त्या दिवशी आईनं सिलिंडरला हळद-कुंकू लावलं. आणि आता आपण पैसे देऊन धूर परत घरात आणणार, वर त्याला फायरप्लेस म्हणणार.

गॅस घ्या. वैयक्तिक घेऊ नका, पण धुराचं कौतुक करणाऱ्यांत मला आजवर राख काढणारं कुणी भेटलेलं नाही.

मिशिगनची_माई | १० जानेवारी

@कडवी_कॉफी, शंभर टक्के खरं. इथंही नवरा जाळ लावतो, फोटो काढतो. राख माझ्याकडं.

फक्त एक भर. चूल आणि बंद शेगडी यांच्या धुरात फरक आहे. चुलीला धुराडं नसतं किंवा नावापुरतं असतं, तोंड उघडं असतं, म्हणून धूर खोलीत. शेगडीचं दार बंद असतं, धुराड्याची ओढ बरोबर असेल तर खोलीत धूर येतच नाही, फक्त दार उघडताना एखादी झुळूक. इथं २०२० पासून नव्या शेगड्यांना तासाला दोन-अडीच ग्रॅमच्या वर धूळ-काजळी सोडायला परवानगी नाही, आणि त्या नियमात बसणाऱ्या शेगड्या निघतातही. पण तो धूर नाहीसा होत नाही, शेजाऱ्याकडं जातो. तुमचा शेजारी किती लांब आहे?

वाघबीळकर | ११ जानेवारी

शेजारी दोनशे फुटांवर, वाऱ्याच्या आडव्या अंगाला. आईला दमा नाही, डॉक्टरांना विचारून घेतलं आहे.

@कडवी_कॉफी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला एक दिवस लागला, यातच काय ते आलं. लाकडं आणि राख माझ्याकडं. हे इथं लिहून ठेवतो, बायको हा धागा वाचते.

कडवी_कॉफी | ११ जानेवारी

स्क्रीनशॉट काढला आहे.

गॅसजोडणी | ११ जानेवारी

हॉटेलांच्या किचनच्या गॅस लाईन टाकतो. गॅसकडं झुकत असाल तर तीन गोष्टी, लाकडाकडं झुकत असाल तर शेवटचीच वाचा.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर गॅस वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि खोलगट जागी साठतो. त्यामुळं सिलिंडर घराबाहेर, उघड्या हवेत, जोत्याच्या वर, शेजारी गटाराचं तोंड नको. आत फक्त धातूची लाईन. गळतीचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. छताला लावलेले बघितलेत मी, तो अलार्म वाजेपर्यंत ऐकायला कुणी उरत नाही. दुसरं, परदेशी फायरप्लेस बहुतेक नैसर्गिक गॅसच्या जेटवर (गॅस सोडणाऱ्या तोटीवर) येतात. शहरात काही भागात पाईपचा गॅस आलाय, पण तुमच्याकडं वर सिलिंडरच. जेट एलपीजीचे बदलून न घेता लावलीत तर ज्वाळा दुप्पट आणि काजळीच काजळी. तिसरं, बिघडली तर दुरुस्तीला माणूस कुठला? मला तरी कोल्हापुरात अशा दोनच फायरप्लेस माहीत आहेत. त्यातली एक बंद आहे, सुट्या भागासाठी.

आणि शेवटचं, गॅस असो की लाकूड, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म घ्या. ह्या वायूला वास नाही. बाथरूममधल्या गॅस गिझरनं माणसं जातात ती ह्यानंच, बंद दाराआड. थंडीत खिडक्या लावून बसणार तुम्ही, एवढा खर्च करताय तर हा किरकोळ आहे.

फिरस्ता_पन्हाळा | ११ जानेवारी

डिह्युमिडिफायर घ्या. प्लग लावा. विषय संपला.

वाघबीळकर | ११ जानेवारी

वारं सुटलं की लाईट जाते. ज्या दिवशी सगळ्यात जास्त दमट, नेमकी त्याच दिवशी. शिवाय डिह्युमिडिफायरसमोर कोण बसतं?

रंकाळ्याचा_वारा | ११ जानेवारी

म्हणजे बायको बरोबर होती.

गगनबावडा_मुक्कामी | १२ जानेवारी

आमच्याकडं पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. लाकडावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

शेगडी कितीही भारी घ्या, ओलं लाकूड घातलं की ती चूलच होते. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. आधी ते पाणी उकळण्यात जाळ संपतो, मग जे धुमसतं त्याचा डांबरासारखा थर धुराड्याच्या आत बसतो. तो थर साचत गेला की एक दिवस पेट घेतो, आणि मग धुराड्यातनं विमानासारखा आवाज येतो. कौलाखाली वासे लाकडाचे असतात, पुढचं सांगत नाही.

आमची पद्धत अशी. होळीच्या आत लाकूड फोडून घ्यायचं, अक्षय तृतीयेपर्यंत उन्हात उभं-आडवं रचायचं, आणि मृगाच्या आधी छपराखाली. खाली दगड टाकून त्यावर फळ्या, म्हणजे जमिनीची ओल चढत नाही. वरून झाकायचं, बाजू उघड्या. प्लॅस्टिकनं गुंडाळून ठेवणारे शहाणे असतात, त्यांच्या लाकडावर ऑगस्टमध्ये छत्र्या उगवतात. आणि थप्पी घराच्या भिंतीला चिकटून नको, विंचू आणि त्याच्या मागून येणारी मंडळी थेट घरात येतात. वाळलेलं ओळखायचं कसं? दोन फोडी एकमेकींवर आपटा. टण्ण वाजलं तर वाळलं, धप्प वाजलं तर नाही. टोकांना चिरा पडलेल्या दिसतात आणि हातात हलकं लागतं.

बाभूळ सगळ्यात चांगली, निखारा रात्रभर. सुरूही चांगलं. निलगिरी जळते झकास, पण वाळल्यावर फुटत नाही, ओली असतानाच फोडून घ्या. आंब्याच्या फांद्या चालतात, पण झाड तोडायला परवानगी लागते. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, आंबा, जांभूळ, हिरडा, साग ही त्यात येतात. मोडून पडलेल्या फांद्यांवर भागवा. चंदगड-आजऱ्याकडचं कुणी काजूची टरफलं फुकट देतो म्हणालं तर घेऊ नका, त्यातल्या तेलाचा धूर घसा आणि डोळे जाळतो. उसाची चिपाडं गुऱ्हाळाच्या चुलवाणाला ठीक, तिथं ओंजळीओंजळीनं टाकायला माणूस बसलेला असतो. शेगडीत भप्पकन पेटतात आणि विझतात.

शिडी_आणि_ओळंबा | १२ जानेवारी

आर्किटेक्ट आहे (तुमचा नव्हे!). धुराड्याचं सांगतो, कारण जाळ खाली लागतो पण निकाल वर लागतो.

उघडी फायरप्लेस करणारच असाल तर धुराड्याच्या आतलं क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शाएवढं पाहिजे. तोंड ३० इंच बाय २४ इंच म्हणजे ७२० चौरस इंच, त्याला ७२ चौरस इंच धुराडं, म्हणजे दहा इंची गोल नळ. जाळापासून टोकापर्यंत उंची किमान १५ फूट. छपरातून जिथं बाहेर पडतं तिथं तीन फूट वर काढा, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो भाग असेल त्याच्यापेक्षा दोन फूट उंच ठेवा, नाहीतर आढ्यावरून येणारा वारा धूर परत खाली दाबतो. आतली रचना उथळ आणि बाजूच्या भिंती तिरक्या ठेवल्या तर उष्णता खोलीकडं फेकली जाते. हे रमफर्डनं १७९० च्या दशकात लंडनमध्ये जुनी धुराडी सुधारून दाखवून दिलंय, अजून कुणी त्याला खोटं पाडलेलं नाही.

बंद शेगडीला एवढं मोठं धुराडं लागत नाही, सहा इंची नळ पुरतो. पण साधा एकेरी पत्र्याचा नळ वाशांपासून १८ इंच लांब पाहिजे. कौलातून जाताना दुहेरी पत्र्याचा, मधे इन्शुलेशन असलेलाच वापरा. शक्यतो नळ घराच्या आतून न्या, बाहेरच्या भिंतीला लावू नका. बाहेर तो गार पडतो आणि ओढ मरते.

आता आपल्या हवेची एक गोष्ट. धूर वर जातो तो आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळं. मिशिगनला बाहेर उणे दहा, त्यामुळं माईंचं धुराडं आपोआप ओढतं. तुमच्याकडं ऑगस्टमध्ये बाहेर वीस-बावीस. फरकच नाही. गार धुराड्यात जाळ लावलात की पहिली पाच मिनिटं धूर खोलीत येणार. उपाय सोपा आहे. आधी वर्तमानपत्राचा बोळा पेटवून नळाच्या तोंडाशी धरा, नळ तापू द्या, मग खाली लाकडं पेटवा.

आणि शेगडी मोठी घेऊ नका. ३२० चौरस फुटांच्या खोलीला आपल्या हवेत चार-पाच किलोवॅट म्हणजे भरपूर. मोठी घेतलीत की उकडतं, मग माणूस हवा कोंडून ती धुमसत ठेवतो, आणि मग वर गगनबावडेकरांनी सांगितलेलं ते डांबर.

मिशिगनची_माई | १२ जानेवारी

उणे दहाच्या ठिकाणी राहून १९ वर्षांत हे डोक्यात आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

वाघबीळकर | १५ जानेवारी

ठरलं. लाकडाची, पण बंद शेगडी, साडेचार किलोवॅटची, काचेचं दार, वरचा भाग सपाट. सहा इंची नळ खोलीच्या आतून वर. गॅसची दुसरी जात मला मनातून पटली होती, पण दुरुस्तीचा माणूस आणि सिलिंडरची ने-आण या दोन गोष्टींनी मागं ओढलं. हेच घर शहरात, पाईपच्या गॅसवर असतं तर बहुतेक उलट ठरलं असतं. मिस्त्री खूश आहे, आर्किटेक्ट नाही.

शेगडीचा सांगाडा एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतोय, जाळी आणि वरचं झाकण तात्यांच्या सल्ल्यानं बिडाचं.

वाघबीळकर | ७ सप्टेंबर

धागा वर काढतो. पावसाळा संपत आला, जे झालं ते सांगायला पाहिजे.

पहिली चूक आमचीच. जूनच्या पहिल्या पावसात पाहुणे बोलावले, शेगडी पेटवली, आणि बायकोनं त्याच वेळी स्वयंपाकघरातली चिमणी चालू केली. ती चिमणी घरातली हवा बाहेर ओढते, मग घर हवा कुठून घेणार? शेगडीच्या नळातून. सगळा धूर उलटा बैठकीत. मेव्हणा म्हणाला, "जाळ अन् धूर संगटच!" पाहुणे अंगणात, पावसात. आता शेगडी पेटवताना चिमणी बंद आणि एक खिडकी चार बोटं उघडी, असा नियम आहे.

दुसरं, नळ कौलातून जिथं बाहेर पडतो तिथं गळलं. पत्र्याची झालर वरच्या कौलाच्या खाली सरकवायला पाहिजे होती, आमच्या माणसानं वरून ठेवून सिमेंटनं लिंपली. महिनाभर शेगडीवर टप टप आणि चर्र. जुलैच्या उघडिपीत कौलं उचलून परत बसवली, तेव्हा थांबलं. शेगडीच्या दाराची फट बंद करणारी दोरीही फॅब्रिकेटरनं चुकीची लावली होती, पंधरा दिवसांत कोळसा झाली. भट्टीच्या दाराला लावतात ती काचधाग्याची दोरी तात्यांनी पाठवली. तात्या, पैसे अजून घेतलेले नाहीत तुम्ही.

तिसरं, लाकूड. अर्धा टन रचलं होतं, त्यातलं एक तृतीयांश पश्चिमेच्या बाजूनं भिजलं. वारा पाऊस आडवा आणतो हे मी धरलंच नव्हतं. आता रोज दुसऱ्या दिवसाची लाकडं शेगडीपासून तीन फुटांवर ठेवतो, तीही निम्मी वाळतात.

हे सगळं सोडलं तर खोली कोरडी आहे. दारामागचा कोपरा जिथं एरवी बुरशी धरली असती, तिथं चपला ओळीनं ठेवल्यात, एकीवरही लव नाही. पापड कुरकुरीत. पेटवायला वर्तमानपत्राचा बोळा अजूनही लागतो, बाहेर गारठा नसला की दोन-दोन लागतात.

गॅसजोडणी | ७ सप्टेंबर

अलार्म लावला?

वाघबीळकर | ७ सप्टेंबर

लावला. एकदाच वाजला, त्या पाहुण्यांच्या दिवशी. बरोबर वाजला.

रसायनाच्या_बाई | ७ सप्टेंबर

आईंचे गुडघे?

वाघबीळकर | ८ सप्टेंबर

गुडघे आहेत तसेच आहेत, बाई. पण खुर्ची त्यांनी शेगडीपासून चार फुटांवर ओढून घेतली आहे आणि "मी हितंच बसतो" म्हणून जाहीर केलंय. वरच्या सपाट बिडावर रोज काहीतरी असतं. परवा रताळी, काल भुईमुगाच्या शेंगा. मला वाटायचं ही बैठकीची खोली आहे.

कडवी_कॉफी | ८ सप्टेंबर

स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडं. राख कोण काढतंय?

वाघबीळकर | ८ सप्टेंबर

मीच. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरतो आणि दोन दिवस अंगणातल्या फरशीवर ठेवतो, कारण पहिल्याच आठवड्यात विझली असं समजून टाकलेल्या राखेनं प्लॅस्टिकची बादली खाल्ली.

सोमवारी आणि गुरुवारी आपणहून काढतो. बाकीच्या दिवशी आई सांगते, मग काढतो.

कडवी_कॉफी | ८ सप्टेंबर

आणि काच?

वाघबीळकर | ८ सप्टेंबर

काचेचं तेव्हा काही लिहिलं नव्हतं.